एकशे बेचाळीस खुर्च्या

सभा साडेनवाला संपली. आता खुर्च्या माझ्या.
जिममध्ये एकशे बेचाळीस,
त्यातल्या अकरा लंगड्या.
अंधारातही हाताला कळतात त्या.

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, मग घंटी.
घंटीवर बसवली होती क्लार्कची भाची,
दरवेळी दचकायची
आपल्याच हातच्या आवाजाला.

एक बाई पुस्तक घेऊन आली, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेलं.
हे कपाटात नको, म्हणाली, आणि एक पान मोठ्यानं वाचू लागली.
मध्येच थांबली. लाज वाटली की गळा दाटला, कोण जाणे,
खाली बसली पुस्तक छातीशी धरून.
एक बाप म्हणाला, माझ्या पोरीच्या गणिताला
सप्टेंबरपासून माणूस नाही, पडदा आहे.
पडद्यावरचा मास्तर तिचं नाव चुकीचं घेतो.
ती दुरुस्त करते. त्याला ऐकू जात नाही.
घंटी.

टेबलाच्या टोकाला डेलोरा पिकेट.
मुख्याध्यापिका, आणि मागच्या महिन्यापासून सुपरिंटेंडंटही,
कारण चार वर्षांतला तिसरा साहेब
एका रविवारी गाडीत कुंड्या भरून निघून गेला.
सकाळी सहाला सतरा नंबरची बसही तीच चालवते.
ड्रायव्हर गोदामात लागला,
तासाला चार डॉलर जास्त मिळतात म्हणून.
त्याला कोण काय बोलणार?

राज्यानं आमच्या शाळेला श्रेणी दिलीय: ड.
पोरांना ड मिळाला की आम्ही म्हणतो, पुन्हा कर, जमेल.
शाळेला ड मिळाला की माणसं मोजपट्टी घेऊन येतात,
छत मोजतात, जमीन मोजतात,
पोरं मोजायची राहतात.

आणि तो जादा कर.
बॉयलरसाठी, दोन शिक्षकांसाठी, नर्ससाठी,
जी आता फक्त मंगळवारी येते
(पोरंही शहाणी, मंगळवारीच आजारी पडतात).
एकतीस मतांनी पडला.
मतदान इथंच झालं, याच फरशीवर.
रांगेसाठी निळी चिकटपट्टी मीच लावली होती,
संध्याकाळी नखांनी खरवडून मीच काढली.

दुपारी पावणेदोनला, झाडू भिंतीला टेकवून,
मीही गेलो होतो पडद्यामागे.
घरी फ्रिजवर कराचं बिल, चुंबकाखाली,
रुथॅन त्याच्यासमोर उभी राहून दूध ओतते,
काही बोलत नाही.
मी 'नाही'पुढचा गोल काळा केला.
नीट, रेषेबाहेर न जाता,
याच शाळेत शिकवलं होतं तसा.

आज सगळे गेले तरी डेलोरा थांबली.
कोट खुंटीला लावला, बाह्या सारल्या,
दुसऱ्या टोकापासून खुर्च्या मिटू लागली.
खाड. खाड. मधे मोकळं जिम.
म्हणाली, "एकतीस, हर्शेल.
एवढे तर आपल्या बँडमध्ये आहेत."
मी म्हणालो, "त्या खुर्चीपासून जपा, तिचा पाय हलतो."

एवढंच निघालं तोंडातून.
दुसरं होतं, ते जिभेखाली ठेवून
मी चौतीस खुर्च्या मिटल्या. तिनं साठ.
उरलेल्या कुणी किती मिटल्या, मोजलं नाही.

पहाटे साडेचारला फोन वाजला.
बर्फ पडलं की ती पहिला फोन मलाच करते,
माझं घर चढावर, तिथून नदीपर्यंतचा रस्ता दिसतो.
शाळा उघडायची की नाही, ते पाचच्या आत ठरवावं लागतं,
आणि काहीही ठरवलं तरी अर्धं गाव चिडतं.
"रस्ता कसा आहे?"
अनवाणी खिडकीशी गेलो. काच पुसली.
खाली मिठाचा ट्रक पिवळा दिवा फिरवत हळूहळू चढत होता.
"मिसेस पिकेट," मी म्हणालो,
आणि ती थांबली,
बसच्या किल्ल्या वाजल्या तिच्या हातात.
"घसरडं आहे," मी म्हणालो. "वळणावर हळू घ्या."